कापायला काहीच उरलं नसेल तेव्हा घरखर्च कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसं, त्यांतली दोन लहान मुलं. कमाई अगदी थोडी, आणि तीही दर आठवड्याला कमी-जास्त. बाहेर खाणं नाही, व्यसन नाही, कपडे वर्षातून एकदा. बचतीचे जे सल्ले वाचायला मिळतात ते सगळे घरात आधीपासूनच पाळले जातात. तरीही वीस तारखेनंतर हात रिकामा होतो आणि उधारी सुरू होते. प्रश्नाची शेवटची ओळ आहे, "आता मुलांचं दूध अर्धं करू का?"

दुधाचं उत्तर आधी: नको. का नको आणि त्याऐवजी काय करायचं, ते शेवटी सविस्तर येईलच.

बचतीचे बहुतेक सल्ले ज्यांच्याकडे कापण्याजोगा खर्च असतो त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. तुमच्याकडे तो नाही, म्हणून ते वाचून फक्त अपराधी वाटतं. इतक्या कमी उत्पन्नाच्या घरांच्या वह्या तपासल्या की उधळपट्टी क्वचितच सापडते. सापडतं ते वेगळंच. पैसा येण्याच्या आणि देण्याच्या तारखा जुळत नाहीत. एकरकमी पैसे हातात नसल्यामुळे तीच वस्तू लहान पुड्यांत, चढ्या दराने घ्यावी लागते. आणि या दोन्हींतून दंड, व्याज, पुन्हा उधारी असं चक्र लागतं. पैसा कमी असल्याची ही एक वेगळी किंमत आहे आणि ती दर महिन्याला मुकाट्याने भरली जाते. कात्री पहिल्यांदा तिथे लावायची. ताटाची पाळी सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. भाडं किती, कर्ज किती, घरात कोणाला कायमचं औषध चालू आहे का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. भाडं, साधं जेवण, वीज-पाणी आणि कामावर जाण्याचा खर्च यांची बेरीज तुमच्या सगळ्यात वाईट महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त भरत असेल, तर ती तूट कोणत्याही काटकसरीने भरून निघणार नाही. तिथे दोष तुमच्या हाताचा नाही, कमाईच कमी पडते आहे. अशा वेळी डाळ शिजवण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा एक पूर्ण दिवस कागदपत्रांना द्या: शाळेची फी माफी, स्वस्त धान्य, घरभाड्याची मदत, मोफत उपचार, अपंगत्व किंवा वृद्धत्वाचं निवृत्तिवेतन, जिथे राहता तिथे यांतलं जे लागू असेल ते. ओळख, पत्ता, उत्पन्न आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रत्येकी चार प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. अर्ज बहुधा पात्रता नसल्याने अडत नाहीत. एखादा कागद कमी पडतो, दुसऱ्या खेपेची मजुरी बुडते, आणि माणूस तिसऱ्यांदा जातच नाही.

आता वही. खर्चाचे वीस प्रकार आखून ठेवलेली वही चार दिवसांत बंद पडते. तुम्हाला तीनच रकाने हवेत: आले, गेले, हातात उरले. एका पानावर १ ते ३१ तारखा खाली खाली लिहा आणि रोज रात्री दोन मिनिटांत तिसरा रकाना भरा. ज्या दिवशी तिथे शून्य येईल त्या दिवशी खूण करा. महिना संपला की या खुणा कुठे गोळा झाल्या आहेत ते पाहा. खर्च कशावर झाला हे तुम्हाला तोंडपाठ असतं. हात नेमका कधी रिकामा होतो, हे वहीशिवाय कळत नाही.

कमाई अनियमित असेल तर हिशेब सरासरीवर बांधू नका. सरासरी धरली की साधारण निम्मे महिने तुटीचे निघणार. मागच्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी कमाईचा महिना पाया धरा. त्याहून वर आलेला पैसा "जादा" समजायचा आणि त्याचं काम आधीच ठरवून ठेवायचं. ते पुढे येतं.

महिनाअखेरीच्या चणचणीत एक साधी गणिती चूकही असते. महिन्याचे पैसे चार आठवड्यांत वाटले जातात, पण चार आठवडे म्हणजे २८ दिवस. उरलेल्या दोन-तीन दिवसांना वालीच नसतो. वर्षभरात असे २९ दिवस होतात, आणि तेवढ्या दिवसांचं जेवण उधारीवर जातं. म्हणून जेवणखाण्याची रक्कम ३१ ने भागा आणि ७ ने गुणा. ३,१०० असतील तर आठवड्याला ७००. चारने भागलं असतं तर ७७५ वाटले असते, आणि तेच वरचे ७५ शेवटी टोचतात. आठवड्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा; पुढच्या आठवड्याच्या पाकिटाला हात लागला तर वहीत नुसती नोंद करा. स्वतःला दोष देण्यात काही हशील नाही, नोंद मात्र कामाला येते.

वर्षातून एकदाच येणारे खर्चही "अचानक" म्हणून कोसळतात. पुस्तकं, परवाने, विमा, पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी, हे दर वर्षी येतातच. बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम महिन्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढा. पूर्ण जमत नसेल तर निम्मी काढा. निम्मं कर्ज तरी टळतं.

यानंतर तारखा हलवायच्या. यासाठी पैसे लागत नाहीत, तरी हे काम सगळ्यात कमी लोक करतात. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला असेल तर दर महिन्याला दोन दिवसांपायी दंड बसतो. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल आणि खातं रिकामं असेल, तर बँकेचं शुल्क वेगळं आणि कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा, असा दुहेरी फटका बसतो. तारीख उलटायच्या दोन आठवडे आधी जाऊन ठोस तारीख मागा: "दर महिन्याच्या ९ तारखेला देतो." घरमालकाशी भाडं दोन भागांत, १० आणि २५ ला, असं बोलता येतं. आधी गेलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. तारीख उलटल्यावर गेलात की तीच विनंती सबब ठरते. जे ठरेल ते लेखी किंवा मेसेजवर घ्या.

सगळ्यांना पुरेल इतकं नसेल तर आधी जेवण, मग डोक्यावरचं छप्पर, मग वीज-पाणी, मग कामावर जायचं भाडं आणि कामाची अवजारं, मग ज्यापोटी काही गहाण आहे ते कर्ज, आणि नंतर बाकीचे. नेहमीची चूक म्हणजे जो जास्त ओरडतो त्याला आधी दिलं जातं. ओरडणारा आणि खरंच नुकसान करू शकणारा हे बहुधा वेगवेगळे असतात.

व्याजाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. दरमहा शेकडा १० ऐकायला लहान वाटतं. पण व्याज न देता ते मुद्दलात चढत गेलं तर आठव्या महिन्यात रक्कम दुपटीच्या वर जाते. आठवड्याला शेकडा १० असेल तर सरळव्याजानेही वर्षाला शेकडा ५२० होतात. दुसरा फसवा प्रकार म्हणजे "फ्लॅट" दर. वर्षाचं १२ टक्के फ्लॅट व्याज आणि १२ समान हप्ते असतील तर खरा दर साधारण २१-२२ टक्के पडतो, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण रकमेवर लागतं. दोन कर्जांची तुलना करताना "एकूण परत किती द्यायचे आणि किती दिवसांत" हा एकच प्रश्न विचारा. देणी असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते चालू ठेवून जादा पैसा सगळ्यात चढ्या दराच्या कर्जात घाला. अपवाद एकच: एखादं छोटं देणं महिन्याभरात संपून त्याचा हप्ता मोकळा होत असेल तर ते आधी संपवा. दरमहा शेकडा १० फेडणं म्हणजे तेवढ्याच दराने कमावणं, आणि अशी कमाई देणारी गुंतवणूक कुठेच मिळत नाही.

उधारीवर माल देणाऱ्या दुकानातला भाव आणि रोखीचा भाव एकदा शेजारी-शेजारी लिहून पाहा. पाच-सहा नेहमीच्या वस्तू पुरे. फरक दिसला की तेही व्याजच समजा.

आता लहान पुड्यांकडे येऊ. सुट्या आणि मोठ्या मापातल्या दराचा फरक वस्तूगणिक वेगळा असतो, म्हणून आधी दर काढायचा: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १,०००. कधीकधी मोठं पाकीटच महाग निघतं, तेव्हा डोळे झाकून मोठं घेऊ नका. फरक शेकडा २० च्या आसपास असेल तर पुढची साखळी चालते. चांगल्या आठवड्यात, जादा आलेल्या पैशातून, रोज लागणारी आणि न नासणारी एकच वस्तू मोठ्या मापात घ्या. दर खेपेला शंभरामागे २० वाचतात. ते खर्चात मिसळू न देता डब्यात टाका. पाच खेपांत शंभर जमतात, त्यातून दुसऱ्या वस्तूचं मोठं माप येतं. मग दोन वस्तूंची बचत जमू लागते आणि तिसरी लवकर येते. सुरुवात फार हळू वाटते, पण खिशातून नवा पैसा एकदाच घालावा लागतो.

ही साखळी तुटते ती दोन कारणांनी. पहिलं, मोठा डबा समोर असला की हात सैल होतो. तेल, साखर, साबणाची भुकटी यांच्या बाबतीत हे हमखास होतं आणि शेकडा २० ची बचत जास्त वापरात जिरते. उपाय म्हणून मोठं माप उंचावर ठेवा आणि आठवड्याचं तेवढंच छोट्या बाटलीत काढा. बाटलीवर पट्टी चिकटवून सात खुणा केल्या की रोजचा वाटा डोळ्यांना दिसतो. दुसरं कारण किडे. धान्यात अंडी बहुधा आधीपासूनच असतात; ओल आणि ऊब मिळाली की किडे बाहेर येतात. आणल्याबरोबर पसरून कोरडं करा, घट्ट झाकणाच्या पूर्ण कोरड्या डब्यात काठोकाठ भरा, आणि जुन्या धान्यावर नवं ओतू नका. कोणाच्या फ्रीजरमध्ये जागा मिळाली तर पाकीट उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं की किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते.

मोठ्या मापाची ऐपत एका घराची नसेल तर तीन-चार घरांनी मिळून एक पोतं घ्यावं. वाटणी सगळ्यांसमोर काट्यावर व्हावी, आणि पैसे माल आणण्याआधी जमा व्हावेत. यांतलं एकही सुटलं की पुढच्या खेपेला कोणी येत नाही.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा: हक्काचं असेल ते मागणं, तीन रकान्यांची वही, तारखा हलवणं, चढं व्याज फेडणं, आणि मग एकेक वस्तू मोठ्या मापात. यानंतरची सगळी बचत लहान आहे, पण ती रोजची आहे.

तिच्यात सर्वांत मोठा वाटा इंधनाचा. पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, उघड्या भांड्यात ते १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीची आच फक्त वाफ करते, आणि वाफ करणं फार महाग पडतं: १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्याला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणून झाकण ठेवायचं, उकळी आली की आच अगदी बारीक करायची, आणि ज्वाला भांड्याच्या बुडाबाहेर येऊ द्यायची नाही. बाजूने वर चढणारी ज्वाला भांडं कमी आणि स्वयंपाकघर जास्त तापवते. गॅसची ज्योत पिवळी होऊन भांड्याला काजळी धरत असेल तर बर्नरची छिद्रं बुजलेली असतात. बर्नर थंड झाल्यावर सुईने मोकळी करा. कडधान्य आठ तास भिजवलं की शिजायला लागणारा वेळ बराच कमी होतो. प्रेशर कुकर असेल तर पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर सोडलेली उष्णता.

याहून मोठी बचत उबेच्या पेटीने होते, आणि ती जुन्या सामानातून बनते. एक खोका घ्या, ज्यात तुमचं पातेलं चारी बाजूंनी, खाली आणि वर साधारण १० सेंटिमीटर जागा राखून बसेल. त्या जागेत जुनी गोधडी, चिंध्या किंवा चुरगळलेले कागद दाबून भरा. मधोमध पातेल्याच्या आकाराचा खळगा ठेवा आणि वर ठेवायला त्याच जाडीची उशी करा. भात असेल तर झाकण ठेवून पूर्ण उकळी आणा, चार-पाच मिनिटं उकळू द्या, आणि झाकण न उघडता पातेलं लगेच खळग्यात ठेवून उशी दाबा. तासाभरात भात तयार. भिजवलेल्या कडधान्याला १५ मिनिटं उकळी आणि पेटीत तीन-चार तास. पातेलं निदान अर्धं भरलेलं असावं, कारण थोडं अन्न लवकर निवतं. मध्ये उघडून पाहिलं की उष्णता जाते आणि दाणा कच्चा राहतो. बाहेर काढल्यावर अन्न हात लाववणार नाही इतकं गरम असायला हवं. कोमट असेल तर पुन्हा खळखळून उकळा आणि मगच खा.

लाल राजमा मात्र वेगळा हाताळायचा. त्यात एक विषारी घटक असतो, जो खळखळत्या उकळीत नष्ट होतो आणि नुसत्या उबेत टिकून राहतो. पाच तासांहून जास्त भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळवा आणि त्यानंतरच पेटीत ठेवा. कुकरमध्ये नीट मऊ शिजवला तरी चालतो.

उरलेल्या भातातही काटकसर अंगाशी येऊ शकते. भातातले काही जिवाणू बीजरूपाने उकळीतून वाचतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. उरलेला भात पसरट ताटात काढून तासाभरात थंड करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रीज नसेल तर एका जेवणापुरताच शिजवा. ओकारी-जुलाबाचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि औषध. त्यापुढे वाटीभर भात काहीच नाही.

पोषण स्वस्तात कशातून मिळतं, हे किमतीवरून कळत नाही. प्रथिनांवर भागून पाहावं लागतं. १ किलो सुक्या कडधान्यात साधारण २२० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्यासाठी जवळजवळ ३६ अंडी किंवा ७ लिटर दूध लागेल. तिन्हींचे तुमच्याकडचे भाव मांडा, उत्तर समोर येईल. तीन भाग धान्याला एक भाग कडधान्य हे प्रमाण राखलं तर दोघांतल्या प्रथिनांची उणीव एकमेकांतून भरून निघते. पैसे आणखी कमी पडले तर लोक आधी कडधान्य कमी करतात आणि भाकरी-भाताने पोट भरतात. हे उलट आहे. कमी करायचंच तर साखर आणि तळणाचं तेल कमी करा.

विजेचं गणित एका ओळीचं: वॅट गुणिले तास, भागिले १,०००, म्हणजे युनिट. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लागला तर महिन्याला ९ युनिटं जळतात. ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात सव्वा-दीड युनिट घेतो. २,००० वॅटचा पाणी तापवायचा हीटर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिटं. फोनचा १० वॅटचा चार्जर रोज दोन तास लावला तरी युनिटही पुरं होत नाही. त्यामुळे चार्जरवरून घरात भांडू नका. जिथे पाणी किंवा हवा तापते ती यंत्रं पाहा. फ्रीज असेल तर दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर तिथून थंडावा गळतो आहे; रबर कोमट साबणपाण्याने पुसा, तरीही पकड येत नसेल तर बदला.

पाणी विकत घेत असाल किंवा मीटर असेल तर गळक्या नळाखाली दहा मिनिटं वाटी ठेवा. ५० मिलिलिटर जमले तर दिवसाला ७ लिटरांच्या वर आणि महिन्याला २१५ लिटरांच्या आसपास गळती आहे. बहुतेक वेळा आतला एक वायसर बदलला की ती थांबते. पिण्याचं पाणी उकळण्यावर इंधन जात असेल तर ऊनही कामाला येतं: दोन लिटरांपर्यंतच्या, ओरखडे नसलेल्या पारदर्शक पीईटी (विकतच्या पाण्याची असते त्या प्लास्टिकच्या) बाटलीत स्वच्छ दिसणारं पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. सतत पाऊस असेल तर ही पद्धत वापरू नका. गढूळ पाण्यातून ऊन आत शिरत नाही, म्हणून आधी गाळून पाणी नितळ करायला हवं. रसायनं मिसळलेलं पाणी मात्र याने शुद्ध होत नाही, आणि उकळूनही होत नाही.

लहानसहान गोष्टी पटकन. फोनचा २८ दिवसांचा पॅक वर्षात १२ ऐवजी १३ वेळा भरावा लागतो. पॅकची तुलना नेहमी दिवसाच्या दराने करा. कपडे अर्धा तास भिजवले तर साबणाची भुकटी कमी लागते. मळ सैल करण्याचं बरंचसं काम पाणी आणि वेळ करतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून "घरगुती क्लीनर" बनवू नका. दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास नुसतं पाणी. क्षाराच्या डागांना एकटं व्हिनेगर, तेलकटपणाला एकटा सोडा. ब्लीचमध्ये मात्र काहीही मिसळायचं नाही, व्हिनेगर तर मुळीच नाही, विषारी वायू होतो.

औषधांत बचत करायची ती नावात; मात्रेत कधीच नाही. डॉक्टरांना औषधाचं जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा. घटक आणि मात्रा तीच, किंमत बहुधा कमी. पण रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन किंवा अँटिबायोटिकचा डोस मनाने मध्येच सोडून वाचवलेले पैसे पुढे अनेक पटींनी जातात. जुलाब लागले आणि तयार पाकीट मिळत नसेल तर १ लिटर पिण्यायोग्य पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो, म्हणून मापाने घाला आणि चव पाहा: अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दिवसभरात संपवा. शौचात रक्त, मूल मरगळलेलं, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, यांतलं काहीही दिसलं तर खर्चाचा विचार न करता दवाखाना गाठा.

आणि आता दूध. १ लिटर दुधात साधारण ३२ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रथिनं कडधान्यातून भरून काढता येतात. इतकं कॅल्शियम रोजच्या साध्या जेवणातून, तेही लहान मुलाच्या पोटात मावेल एवढ्यातून, मिळवणं कठीण जातं. म्हणून दूध अर्धं करण्याआधी त्याचा दर तपासा. पूर्ण स्निग्धांशाच्या दूधभुकटीचं साधारण १२५ ग्रॅमला १ लिटर दूध होतं, म्हणजे किलोच्या किमतीला ८ ने भागलं की लिटरचा भाव निघतो. ताज्या दुधापेक्षा तो कमी पडत असेल तर भुकटी घ्या, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा आणि लागेल तेवढीच करा. पाकिटावर घटक वाचा. चहा-कॉफीसाठीच्या भुकटीत बहुधा साखर असते आणि काहींत दुधाऐवजी वनस्पती तेलही असतं, ती मुलांसाठी नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर यातलं काहीच लागू नाही, आणि बाळाच्या डब्यातल्या भुकटीत पाणी वाढवून ती पुरवणं तर अजिबात करू नका. बाळ उपाशी राहतंच, वर शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडून जिवावर बेततं.

घरातलं दूध नेमकं कुठे जातं, तेही आठवडाभर मापून पाहा. बरेचदा त्याचा मोठा वाटा मोठ्यांच्या चहात जातो आणि मुलांना उरेल ते मिळतं. दूध उकळलं की आधी मुलांचे दोन पेले ओतून झाकून बाजूला ठेवा, चहाचं आधण त्यानंतर. मोठ्यांचा चहा उरलेल्या दुधात होईल, किंवा त्या दिवशी कोरा होईल.